उरलेले १६७ तास: व्यसनमुक्तीची सूत्रं समुपदेशनात कशी वापरायची

परळच्या माझ्या खोलीत येणारे एक गृहस्थ पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचे. पन्नाशीच्या आतले, चांगल्या नोकरीत. झोप लागत नाही, कामाचा ताण आहे, बायकोशी बोलणं तुटलंय, अशी तक्रार घेऊन आले होते. सहा सेशन मी त्यांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या नात्यावर काम करत राहिले. बोलणं छान चालायचं. ते रडायचे, जाताना हलकं वाटलं म्हणायचे. सातव्या वेळी पत्नी सोबत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, हे रोज दोन क्वार्टर घेतात, ते तुम्हाला माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. ग्लास दोन हातांनी धरलेला सहा वेळा बघूनही.

(इथल्या सगळ्या माणसांचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.)

त्यानंतर मी व्यसनमुक्तीचं काम नीट शिकायला घेतलं. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा परस्परांना आधार देणारा गट. त्यांच्या खुल्या मीटिंगांना मागच्या खुर्चीवर बसले, त्या क्षेत्रातल्या समुपदेशकांकडून शिकले. एक गोष्ट तिथं पक्की कळली. आठवड्याचे तास १६८, त्यातला एक क्लायंट आपल्यासमोर असतो. आपलं बहुतेक शिक्षण त्या एका तासाबद्दल असतं. व्यसनमुक्तीची परंपरा मात्र उरलेल्या १६७ तासांसाठी उभी राहिली आहे: संध्याकाळी सात वाजता काय करायचं, कुणाला फोन लावायचा, कुठल्या रस्त्यानं घरी जायचं. ही सूत्रं दारू आणि गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, एवढ्यापुरती ठेवायचं कारण नाही. नैराश्य, राग, सतत खात्री करून घेण्याची सवय, तुटलेल्या नात्यातल्या माणसाचं प्रोफाइल रात्री दोनला उघडून बघणं, या सगळ्यांत ती मला उपयोगी पडतात. समुपदेशन करणाऱ्यांसाठी ती क्रमानं मांडते आहे.

पायरी १: पहिल्याच भेटीत विचारा, आणि मापात विचारा

"तुम्ही घेता का?" या प्रश्नाला मुंबईत ठरलेलं उत्तर आहे: "कधीतरी, कंपनी असली की." या उत्तरातून काहीच कळत नाही. मी आता विचारते, "गेल्या शनिवारी किती झाली? आणि काल?" प्रश्न झोप आणि जेवणाच्या प्रश्नांच्या ओळीतच, त्याच सुरात यायला हवा. आवाज खाली आणला की समोरच्याला लगेच कळतं, इथं लाज बाळगायची आहे.

उत्तर क्वार्टर, नव्वद, बाटली याच भाषेत येऊ द्या. हिशेब आपण करायचा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे एक क्वार्टर ही सहा ड्रिंक झाली. ६५० मिलीची स्ट्राँग बियर म्हणजे जवळजवळ चार. "मी फक्त बियर घेतो" म्हणणाऱ्या तरुणाला हे गणित कागदावर दाखवलं की तो स्वतःच गप्प होतो, आपल्याला काही बोलावं लागत नाही. याच संघटनेची 'ऑडिट' ही १० प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते ४०. साधारणपणे ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं धरतात, आणि २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता धरून डॉक्टरांकडे पाठवायचं.

बायकांना हा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो विचाराच. मिश्री, तंबाखू, डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी दिलेली आणि चार वर्षं चालू असलेली झोपेची गोळी, घरात कुणाला माहीत नसलेली वाइन. आणि सगळ्यांनाच फोनवरची रमी, क्रिकेटवरचा सट्टा, शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग. पैशाचं व्यसन तोंडाला वास येऊ देत नाही, त्यामुळे ते घरच्यांना कर्जवसुलीचा फोन आल्यावरच कळतं.

पायरी २: "आजपासून बंद करा" असं सांगू नका

ही पायरी चुकली तर जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम थांबवली की ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. बहुधा पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, वेळकाळ कळत नाही. याला डिलिरियम म्हणतात, आणि उपचार झाला नाही तर माणूस दगावू शकतो. सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का, आधी कधी बंद केल्यावर फिट आली होती का, हे दोन प्रश्न चुकवू नका. उत्तर हो असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ किंवा फिजिशियन, मग समुपदेशन. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांनाही हेच लागू आहे. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवाव्या लागतात. गर्द घेणाऱ्याची टर्की, म्हणजे बंद केल्यावर होणारा त्रास, भयंकर वाटते, पण मोठा धोका नंतर असतो. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि पूर्वीचाच डोस घेतला तर तो जिवावर बेततो.

केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, आणि ज्याच्या खिशात खासगीचे पैसे नाहीत त्याच्यासाठी तो रस्ता खरोखर आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. हे दोन्ही नंबर मी कागदावर लिहून देते. मोबाइल बदलतो, हरवतो, विकलाही जातो. पाकिटातला कागद बऱ्याचदा राहतो.

जेवणातून गुपचूप द्यायच्या औषधाबद्दल घरचे हमखास विचारतात. स्पष्ट नाही म्हणा. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो गंभीर होऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण घेणाऱ्याला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीनं.

पायरी ३: श्रावणाबद्दल विचारा

"मॅडम, मला व्यसन नाही. मी श्रावण कडक पाळतो. अनंत चतुर्दशीपर्यंत थेंब नाही."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की वाद घालायचा मोह होतो. पूर्वी मी घालायचे: "मग गटारीला इतकी का?", "चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काय होतं?" मुद्दे बिनतोड असायचे आणि माणूस पुढच्या आठवड्यात यायचा नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये प्रेरक संवादाची जी पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली, तिच्या मुळाशी हाच अनुभव आहे: आपण बदलाची बाजू लावून धरली की समोरचा न बदलण्याची बाजू लावून धरतो. द्विधा मनाचा माणूस दोन्ही बाजू स्वतःच बाळगून असतो. बदलाची बाजू त्याच्या तोंडून यावी लागते.

म्हणून आता मी विचारते, "श्रावणात कसं जमतं? मला खरंच सांगा." उत्तर तपशिलात घ्या. एकांनी दिलेलं असं होतं: घरात कुणी टोकत नाही, उलट बायको रोज वेगळं काहीतरी करते. मित्र आग्रह करत नाहीत, कारण निम्मे तेही पाळतात. सोमवारी देवळात जायचं असतं, त्यामुळे संध्याकाळ भरलेली. शेवटची तारीख ठाऊक असते. आणि "त्या दिवसांत मी पिणारा नसतोच ना मॅडम, मी श्रावण पाळणारा असतो." मी ते सगळं वहीच्या पानावर उतरवून त्यांच्यासमोर ठेवलं. घरची साथ, मित्रांची मोकळीक, भरलेली संध्याकाळ, ठरलेली मुदत, स्वतःकडे बघायची वेगळी नजर. दरवर्षी दीड महिना ते स्वतःची व्यसनमुक्तीची योजना चालवत होते. अनंत चतुर्दशी झाली की ती गुंडाळून ठेवत होते, इतकंच. मग प्रश्न सोपा झाला: यातलं काय अश्विनात ठेवता येईल?

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. श्रावण पाळता येणं म्हणजे व्यसन नसणं, असं नाही. पुन्हा सुरू केल्यावर प्रमाण हातात राहतं का, हे बघायचं. आणि जो रोज सकाळी घेतो त्यानं श्रावणासाठी एकदम सोडणं हे पायरी २ मधल्याच धोक्यात येतं. आषाढातच त्याला डॉक्टरांना दाखवून आणा.

माळ घातल्यावर सुटलेली माणसंही भेटतात. त्यांच्या श्रद्धेला मानसशास्त्राचं नाव देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. ती आहे तशी कामी येते.

पायरी ४: मुदत आजच्या रात्रीपर्यंत आणा

एएच्या मीटिंगमध्ये "फक्त आजचा दिवस" हे इतकं सहज बोललं जातं की त्यातली ताकद निसटते. आयुष्यभर न पिण्याचा विचार कुणालाच पेलत नाही. आज झोपेपर्यंत न पिणं पेलतं. इतर क्लायंटसोबत मी हेच करते. नैराश्यात पाच महिने घराबाहेर न पडलेल्या एका बाईंना "रोज चालायला जा" हे डोंगराएवढं होतं. आम्ही ठरवलं, फक्त उद्या, फक्त चाळीच्या जिन्यानं खाली, फक्त दुधाच्या पिशवीपुरतं. परवाचं परवा.

त्याच्याही आतला तुकडा म्हणजे तलफ. ती चढतच जाईल अशी भीती असते. प्रत्यक्षात लाटेसारखी येते, माथ्यावर पोचते आणि बहुधा २० ते ३० मिनिटांत ओसरते. व्यसनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी या लाटेवर तरंगत राहण्याचं तंत्र मांडलं. लाटेला ढकलायचं नाही, तिच्यात बुडायचंही नाही. शरीरात ती कुठं जाणवते ते बघत राहायचं. घशात, जबड्यात, पोटात. मी सांगते, दादरला स्लो लोकल पकडली की अंधेरी येईपर्यंत साधारण तेवढा वेळ जातो, तेवढंच काढायचं आहे. हे सेशनमध्ये बसून आधी करून घ्या. घरी पहिल्यांदा करून बघू म्हटलं की होत नाही. प्रोफाइल उघडून बघण्याची, नवऱ्याला दहाव्यांदा "तुम्ही चिडला नाहीत ना?" विचारण्याची ऊर्मीही याच चालीनं चढते आणि उतरते.

पायरी ५: रस्त्याचा नकाशा काढा

कोरा कागद घ्या आणि ऑफिसपासून घरापर्यंतचा रस्ता क्लायंटलाच काढायला लावा. स्टेशन, जिना, कुठला पूल, बाहेर पडल्यावर डावीकडे काय, उजवीकडे काय. कुर्ल्याचा एक मुलगा काढत होता. पेन्सिल वाइन शॉपपाशी न थांबता त्याच्या अलीकडच्या भुर्जीच्या गाडीपाशी थांबली. "इथं वास येतो," तो म्हणाला, "आणि मग पाय आपोआप वळतात." त्याची तलफ भुर्जीच्या वासापासून सुरू होत होती, दुकान नंतरचं. त्या दिवसापासून तो स्टेशनच्या दुसऱ्या बाजूनं उतरू लागला. सहा मिनिटं जास्त चालावं लागतं.

जागेनंतर अवस्था. भूक, राग, एकटेपणा, थकवा: या चारांत सावध राहा, असं व्यसनमुक्तीतलं जुनं सूत्र आहे. मुंबईत संध्याकाळी साडेसातला गर्दीच्या लोकलमधून उतरणाऱ्या माणसात चारही एकदम हजर असतात. त्यातली भूक सगळ्यांत स्वस्तात मिटते. ऑफिस सोडताना दोन केळी किंवा एक वडापाव खाऊन निघायचं, हा सल्ला बाळबोध वाटेल, पण माझ्या कामात फार थोड्या गोष्टी इतक्या भरवशाच्या ठरल्या आहेत. थकव्यानं मुलांवर हात उगारणाऱ्या आईलाही मी आधी हेच विचारते, दुपारी किती वाजता जेवलात?

मग वर्ष. कॅलेंडर समोर घेऊन धोक्याचे दिवस आधीच खूण करायचे: पगाराचा दिवस, गटारी, विसर्जन, ३१ डिसेंबर, धुळवड, भावकीतल्या लग्नाची हळद. आगरी-कोळी घरांत हळदीची रात्र टाळणं सोपं नसतं. न जाणं म्हणजे नातं तोडणं. तिथं कधी पोचायचं, कुणासोबत, कुणाच्या शेजारी बसायचं, हातात कुठला ग्लास धरायचा आणि किती वाजता निघायचं, हे ठरवून जा म्हणावं. "घे रे, एक तर घे" याला उत्तरही तोंडपाठ हवं. "औषध चालू आहे" हे उत्तर बहुतेक ठिकाणी चालतं. मी त्याचा सेशनमध्ये सराव घेते, आग्रह करणारा काका मी होते.

पायरी ६: घसरणीची तयारी, घसरण्याआधी

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

मार्लाट यांनी एक गोष्ट नेमकी पकडली: पहिल्या पेगपेक्षा त्यानंतरचा विचार जास्त नुकसान करतो. "आता मोडलंच आहे, तर मग काय." शरम आणि हताशा एकत्र येते आणि एका संध्याकाळची घसरण तीन आठवड्यांची होते. पथ्य मोडल्यावर अख्खा डबा संपवणारी, तीन महिन्यांनी एकदा हाताला ब्लेड लावल्यावर "माझं काही होणार नाही" म्हणणारी, दोन्ही माणसं याच वाक्यात अडकतात.

म्हणून सगळं ठीक चाललेलं असताना, तिसऱ्या-चौथ्या सेशनला, मी करार करते. घसरलात तर २४ तासांत मला मेसेज टाकायचा, एकच शब्द पुरे. पुढचं सेशन रद्द करायचं नाही. आल्यावर मी रागावणार नाही, आणि "बरं झालं आलात" याशिवाय पहिलं वाक्य म्हणणार नाही. तो आला की मग सिनेमा उलटा फिरवायचा. ग्लास ओठाला लागला त्याच्या आधी काय? दुकान. त्याच्या आधी? बारच्या रस्त्यानं जायचा निर्णय. त्याच्या आधी? मित्राचा फोन उचलला. आणि त्याआधी? बहुतेकदा आपण तीन-चार दिवस मागं पोचतो: गोळी चुकली, रात्री झोप झाली नाही, सासऱ्यांशी खटका उडाला आणि तो कुणालाच सांगितला नाही. घसरण शुक्रवारी झाली, पण सुरू सोमवारी झाली. सोमवारी कुठं हात घालता आला असता, ते शोधायचं.

दिवसांच्या मोजणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. एएमध्ये सलग दिवस मोजतात, आणि त्यांच्या मीटिंगमध्ये ते योग्यच आहे. माझ्या खोलीत मी दोन आकडे ठेवते: सलग किती आणि एकूण किती. ११० दिवसांनी एकदा प्यायलेल्या माणसाचे ११० दिवस कुणी पुसून टाकत नाही. ते दिवस त्याच्या यकृतानं, त्याच्या मुलीनं जगलेले आहेत.

पिऊन आला तर सेशन घ्यायचं नाही. हे आधीच सांगून ठेवा. शांतपणे पुढची तारीख द्या, घरी न्यायला कुणाला बोलवायचं ते विचारा, तो माणूस येईपर्यंत त्याला बसू द्या. गाडी चालवू देऊ नका.

आणि आपलं काय? क्लायंट घसरला की माझ्या पोटात अजूनही खड्डा पडतो. आपण कमी पडलो असं वाटतं, आणि त्याच्या पाठोपाठ राग येतो. हा राग सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपलं काम अनुभवी समुपदेशकासमोर मांडतो तिथं, नेऊन ठेवावा लागतो, नाहीतर तो पुढच्या सेशनला चेहऱ्यावर येतो, आणि ही माणसं चेहरे फार लवकर वाचतात. आयुष्यभर त्यांनी तेच केलेलं असतं.

पायरी ७: तुमच्याशिवाय तीन माणसं

एएची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी झाली. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन पिणारे एकमेकांशी बोलले आणि बोलल्यामुळे न पिता राहिले. त्यातला मुद्दा तज्ज्ञांनी विसरू नये असा आहे: जो स्वतः त्या वाटेनं गेलाय, त्याचं ऐकणं वेगळं असतं. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केलं, १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. दोन्हीकडे बरे झालेले लोक पुढच्याला हात देतात.

मुंबईत मराठीतही मीटिंगा होतात. क्लायंटला पाठवायच्या आधी एकदा खुल्या मीटिंगला स्वतः जाऊन बसा. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, पहिलं नाव आणि "मी मद्यपी आहे" एवढीच ओळख. एकदा अनुभवलं की तुमच्या सांगण्यात फरक पडतो. देवाची भाषा न पटणारे क्लायंट असतील. त्यांना ढकलू नका, दुसरा गट किंवा दुसरा आधार शोधा. मीटिंगमधल्या कुणी मनाच्या आजाराच्या गोळ्या बंद करायला सांगितलं, तर तो निर्णय डॉक्टरांचाच, हे आधीच बोलून ठेवा.

व्यसन नसलेल्या क्लायंटनाही मी तीन नावं लिहायला लावते: रात्री अकराला फोन लावता येईल असं एक, सोबत चहा प्यायला येईल असं एक, आणि ज्याला खरं सांगता येईल असं एक. पुष्कळांना तिसरं नाव सुचत नाही. मग पुढचे दोन महिने आमचं काम तेच असतं.

पायरी ८: घरच्यांना वेगळा वेळ द्या

"ह्यांना ताप आहे, आज येणार नाहीत." हा फोन बायको वर्षानुवर्षं करत असते. त्यात प्रेम असतं आणि नोकरी जायची भीतीही. तिला दोष देऊ नका. तिच्यासोबत बसून एवढंच ठरवा की यातलं काय आता ती करणार नाही आणि तो न पिता घरी आला की काय करणार. न पिता आलेल्या संध्याकाळी गरम जेवण आणि गप्पा. पिऊन आला तर भांडण नाही, उपदेश नाही, दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायचं. दहा बाय बाराच्या घरात दुसरी खोली नसते, हे लक्षात घ्या. मग शेजारची काकू, बहिणीचं घर, माळा, जे असेल ते. तिच्या स्वतःसाठी १९५१ पासून चालत आलेले अल-ॲनॉनचे, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचे, गट आहेत.

मारहाण होत असेल तर दोघांना एकत्र बसवू नका. खोलीत ती खरं बोलली तर रात्री त्याची किंमत तिला मोजावी लागते. आधी तिची सुरक्षितता: महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं संरक्षण. दारू सुटली की मारणं सुटेल, असं आश्वासन कधी देऊ नका.

पायरी ९: भरपाई, घाई न करता

एएच्या स्वतःच्या बारा पायऱ्या आहेत. त्यांतली आठवी-नववी पायरी दुखावलेल्या माणसांची यादी करून शक्य तिथं भरपाई करण्याची आहे, त्यानं कुणाला आणखी इजा होणार असेल तर ते सोडून. अपराधीपणात बुडालेल्या कुठल्याही क्लायंटसाठी हे सूत्र मोलाचं आहे, पण पहिल्या महिन्यात त्याला हात लावू नका. नुकतंच सोडलेल्या माणसाला सगळ्यांची पाय धरून माफी मागायची असते, आणि घरच्यांनी ती माफी शंभरदा ऐकलेली असते. त्याला विचारा, न बोलता काय करता येईल? एक वडील मुलीच्या क्लासला दर मंगळवारी सोडायला आणि आणायला जाऊ लागले. पहिले दोन महिने ती त्यांच्या दहा पावलं पुढं चालायची. ते मागून चालत राहिले.

प्रत्येक सेशनची शेवटची पाच मिनिटं

ही मी राखून ठेवते, विषय कितीही रंगला तरी. मन हलकं होऊन, डोळे पुसून माणूस उठतो तेव्हा तो बराच उघडा पडलेला असतो आणि बाहेर संध्याकाळ झालेली असते. म्हणून मी विचारते: आता इथून कुठं? कशानं? काही खाल्लंय का? घरी कोण आहे? रात्री झोपेपर्यंत काय?

ते ग्लासवाले गृहस्थ आधी डॉक्टरांकडे गेले, दहा दिवस रुग्णालयात राहिले आणि मग परत माझ्याकडे आले. वडिलांबद्दल आम्ही पुन्हा बोललो, पण ते फार पुढं. अजूनही महिन्यातून एकदा येतात. परवा निघताना मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं, "पश्चिमेच्या पुलावरून जातोय. केळी पिशवीत आहेत. साडेआठची मीटिंग आहे, आज चहा माझ्याकडे."